आठांतला एक भारतीय

तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेमच्या दुकानात एका रुपयात 'स्ट्रीट फायटर टू' खेळायला मिळे. पडद्यावर निवडायला आठ लढवय्ये. आपल्या देशाचा म्हणून मी धालसिम घेई, आणि मित्र हसत. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून आग. असा हा योगी!

जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा खेळ १९९१ मध्ये काढला. अशा खेळात प्रत्येकाची लढण्याची रीत निराळी ठेवावीच लागते. एक दुरून मारणारा हवा, एक जवळ येऊन पकडणारा हवा. ह्या गरजेशी माझे भांडण नाही. प्रश्न आहे तो रीतीवर देश चिकटवण्याचा. पकडणारा पैलवान झांगीएफ सोव्हिएत रशियाचा झाला. ज्या देशाच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच्या वाट्याला योगीच आला. ब्राझीलच्या नावावर तर हिरवा, जनावरासारखा ब्लांका. जपान आणि अमेरिका यांना मात्र दोन-दोन माणसे, आणि त्यांतले र्‍यू व केन जवळजवळ एकाच साच्यातले. आठांत बाई एकच, चुन-ली.

२०२३ च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मधील पहिल्या १८ जणांत हे आठही पुन्हा आहेत. जुन्या खेळणाऱ्याला ओळखीचा चेहरा हवा असतो, हे मला कळते. मीही धालसिमच शोधला! पण एकदा मिळालेली जागा अशी वारशाने चालते. उरलेल्या दहांत कॅमी आणि डी जे जुनेच. भारताचा दुसरा माणूस त्यांत नाही.