धर्मशिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण : एका भेदाची चिकित्सा

संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देण्यास राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने मज्जाव केला आहे. धर्मशिक्षण निराळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण निराळे, असा भेद कोठारी आयोगाने (१९६४–६६) केला. आणि त्याच भेदाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात, १२ सप्टेंबर २००२ रोजी, २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम-आराखड्याविरुद्धची याचिका फेटाळली. हा भेद तत्त्वतः मान्य करावयास आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या आडून वर्गात जे शिरते त्यास.

आराखड्याच्या या भूमिकेस आधार होता तो शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९च्या अहवालाचा. सर्व धर्मांमागील मूळ कल्पना समान असून भिन्नता केवळ आचारांत आहे, ही जाणीव विद्यार्थ्यांस करून द्यावी, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. हे विधान इतके सोज्ज्वळ आणि आपल्या कानांस इतके सवयीचे आहे, की त्यास पुरावा मागण्याचेही कोणास सुचत नाही. वस्तुतः ते धर्मांचे वर्णन नव्हे; तो स्वतःच एक धर्मविचार होय. आधुनिक वेदान्ताच्या मांडणीत त्यास मानाचे स्थान आहे. परंतु ज्याच्या दृष्टीने नमाज अथवा उपवास हा श्रद्धेचा गाभाच आहे, त्यास ‘केवळ आचार’ हे शब्द वर्णनपर कसे वाटावेत?

महाराष्ट्रापुरता प्रश्न अधिकच तीव्र आहे. १९५६ साली नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतर केले ते मूळ कल्पनाच मान्य नव्हती म्हणून. त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात तर ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ या दोन संज्ञाच त्यांनी एकमेकींपासून अलग केल्या आहेत. आजोबांनी जे त्यागिले आणि जे स्वीकारले ते अंती एकच, असे बौद्ध घरातील नववीच्या विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकाने सांगणे हे माहिती देणे नव्हे. त्या निर्णयाचे खंडन तेथे होते, आणि तेही परीक्षेच्या गुणांसह.

न्या. धर्माधिकारी यांनी आपल्या स्वतंत्र, परंतु सहमतीच्या निकालपत्रात या दोहोंमधील रेषा फार सूक्ष्म असल्याचे बजावले होते. ती ओलांडली गेली हे ओळखावयाचे कोणी, हे मात्र शिक्षकावरच येऊन पडते; आणि ज्या विधानास तो सर्वमान्य सत्य समजतो, तेथे त्यास रेषा दिसणारच नाही. तो आराखडा २००५ साली मागे पडला. धर्मांचा गाभा एक आहे काय, हा वाद उत्तर न देता माध्यमिक वर्गासमोर ठेवणारा पाठ लिहिणे आजही अशक्य नाही.