दारं धरताना वाचलेल्या बहिणाबाई

शिरूर-दौंडकडं भीमाकाठी ऊस, अन् थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची. दारं धरता धरता बॅटरीच्या उजेडात मी वहीत लिहितो. त्याचा रुपया मिळत नाही. तिथंच बहिणाबाई चौधरींचा संग्रह पुन्हा वाचला.

सुगरणीचा खोपा, मोट, मळणी. कामातलंच सगळं, म्हणून एक शब्द उसना वाटत नाही. पण 'त्यांना कुठं वेगळा वेळ लागला?' असं आपण सभेत सांगतो, ते मला आता पटत नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी अन् घरातल्या एका भावानं काही गाणी उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. उतरली तेवढी राहिली, बाकीची जात्याबरोबर गेली. याला वेळ मिळणं म्हणायचं का?

एका रात्री ओळ जुळवताना माझा वाफा फुटला, पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. मंडळी म्हणाली, "तुम्ही लिवा, मी बघते दारं." तेव्हापासून चिखलात ती, कागदावर मी.

तिलाही आईच्या पुष्कळ ओव्या येतात. माझ्या चार वह्या भरल्या. त्यांत तिची एक ओवी नाही.