खिशातला स्वित्झर्लंड

पुस्तकाची समीक्षा करायला पुस्तक वाचावंच लागतं असं नाही, हे मी मास्तरकीच्या चौतीस वर्षांत शिकलो. प्रस्तावना आणि मलपृष्ठ चाळलं की भागतं. चाकूचं तसं नाही. चाकूला प्रस्तावना नसते. तो वापरावाच लागतो, आणि वाचनात चूक झाली तर समीक्षा रक्तानं लिहायची पाळी येते. म्हणून एवढासा लेख लिहायला मला पुरतं एक वर्ष लागलं.

चाकू आमच्या चिरंजीवांनी आणला. चिरंजीव स्वित्झर्लंडात नोकरीला असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात पंधरा दिवस कर्जतला आले, ते आईसाठी चॉकलेटं आणि बापासाठी चाकू घेऊन. आईला मधुमेह आणि बापाला कापण्यासारखं काही काम नाही, हे दोन्ही बारकावे विमानाच्या उंचीवरून दिसत नसावेत.

"बाबा, हा रोज खिशात ठेवायचा. तिकडे सगळे ठेवतात."

"आणि कापायचं काय?"

"ठेवा तर खरं. लागतो आपोआप." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक नाणं द्या मला. तिकडे म्हणतात, चाकू फुकट घेतला की नातं कापलं जातं. म्हणून घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं."

मी म्हटलं, "तुझ्या शिक्षणात जी नाणी गेली, त्यांतलंच एक समज." तो हसला. मीही हसलो. नाणं काही दिलं नाही. मास्तराचा हात खडूसाठी चटकन पुढे होतो, खिशाकडे जायला वेळ लागतो.

आता ग्रंथपरिचय. या चाकूचं मूळ घराणं लष्करी. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिरानं 1884 साली सुऱ्यांचा कारखाना काढला आणि 1891 साली तिथल्या सैन्याला चाकू पुरवले. शिपायाला दोन गोष्टी हव्या होत्या : जेवणाचा डबा उघडायचा आणि बंदूक खोलायची. म्हणून पात्याबरोबर डबा-उघडणी आणि स्क्रू-ड्रायव्हर आले. पुढे 1897 साली साहेबलोकांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यात बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री स्क्रू होता. शिपायाच्या चाकूत तो नव्हता. जगातलं कुठलंही सैन्य घ्या, बूच साहेबाच्याच हातचं असतं!

माझी प्रत साहेबी आवृत्तीची. रंग लाल, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, किंमत आपल्याकडच्या चारेक हजारांच्या घरातली. आत एक मोठं पातं, एक धाकटं पातं, कात्री, करवत, टोच्या, आकडा, दोन उघडण्या, वर सांगितलेला बुचाचा स्क्रू, आणि मुठीच्या कडेला लपवलेलं एक दातकोरणं नि एक चिमटा. सगळी मिळून पंधरा कामं करतो म्हणतात. सेवानिवृत्त माणसाला दिवसाकाठी इतकी कामं कोण सांगणार? ही बाजारची यादी देते तीही सात-आठ जिनसांवर जात नाही.

एकट्याच्या मतावर विसंबू नये म्हणून मी तीन परीक्षक नेमले.

पहिली परीक्षक अर्थात ही. मी आंबा घेतला, मोठं पातं उघडलं आणि साल काढायला लागलो. ही विळीवर बसली होती. माझा एक आंबा होईतो तिचे चार झाले. मग विळीवरून न उठता तिनं निकाल दिला, "तुमचा एक हात तर त्याला धरण्यातच गेला. विळीवर पाय ठेवला की दोन्ही हात आंब्याला मोकळे."

हा मुद्दा मला कुठल्या समीक्षेत सापडला नसता. विळीचं पातं जागेवर असतं नि आंबा फिरतो. चाकूत आंबा जागेवर आणि पातं फिरतं. शिवाय विळीला बैठक आहे. बैठक नसलेल्या माणसावर आणि हत्यारावर आमच्या घरात कोणी विश्वास टाकत नाही.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी फणसाला हात घातला. फणस कापण्याआधी पात्याला तेल लावायचं असतं, हे कोकणच्या वाटेवर राहणाऱ्या पोरालाही ठाऊक. मी ते विसरलो. चीक पात्यांमधून सांध्यांत गेला आणि पंधरा कामांचा चाकू एकाही कामासाठी उघडेना. दोन दिवस खोबरेल तेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी अंगणात बसलो होतो. रविवारी चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, चाकू वापरता ना?" मी म्हटलं, "हो तर, हातातच आहे." हे अक्षरशः खरं होतं. हाताला चिकटला होता.

दुसरे परीक्षक खालापूर तालुक्यातले, म्हणजे आमचे खोपोलीचे मेहुणे. आयुष्य कारखान्यात गेलेलं. त्यांच्याकडे जायला मी खोपोली लोकल धरली. पळसदरीच्या पुढे भूक लागली म्हणून पेरू काढला आणि ऐटीत पातं उघडलं. खटकन आवाज झाला. वास्तविक नऊ इंचांच्या आतल्या पात्याला परवाना लागत नाही आणि माझं तर बोटभर. पण समोरचा प्रवासी कायद्याचं पुस्तक वाचून बसलेला नव्हता. केळवलीला तो डबा बदलून गेला. डोलवली, लौजी, खोपोली हा प्रवास मी पाय पसरून केला. प्रवासी सोय म्हणून या चाकूला पूर्ण गुण.

मेहुण्यांनी चष्मा बदलला, कपाटातून व्हर्नियर काढलं आणि मिटलेला चाकू मोजला. "एक्क्याण्णव मिलिमीटर." मग प्रत्येक पातं उघडून, कानाशी नेऊन मिटलं. वैद्यानं नाडी पाहावी तसं.

"स्प्रिंग फर्स्टक्लास. पोलाद स्टेनलेस, गंजणार नाही. मात्र जरा मऊ ठेवलंय. धार लवकर उतरेल, पण दगडावर दोन हात मारलेत की परत लागेल. करवत ओढताना कापते, ढकलताना नाही, तेव्हा उगाच जोर करू नका. आणि पात्याला खटका नाही, नुसत्या स्प्रिंगवर उभं आहे. कशात खुपसायला जाल तर बोटांवर मिटेल. कापा, खुपसू नका."

"एकूण?"

"दहापैकी नऊ."

"एक गुण कशाचा कापलात?"

"बूच काढायचा स्क्रू आणलात नि बाटली नाही!" मेहुण्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. तरी मन मोठं. त्यांनीच त्या स्क्रूचा खरा उपयोग दाखवला. घट्ट बसलेल्या गाठीत त्याचं टोक घालून पिळलं की गाठ सैल होते. त्यानंतर वर्षभरात पायजम्याच्या नाडीची निरगाठ मी तीनदा या साहेबी स्क्रूनं सोडवली, आणि तिन्ही वेळा घाई होती. चाकूचा इतका मनापासून उपयोग मला दुसरा झाला नाही. पण रविवारच्या फोनवर मुलाला काय सांगणार? "अरे, परवा नाडी..." छे! मी म्हणायचो, "वापरतो की. कालच पार्सल उघडलं." पार्सल आलंच नव्हतं.

तिसरे परीक्षक वाडीवरचे म्हातारबा. ठाकर. पावसाच्या आधी आमचं कुंपण नीट करायला दरसाल येतात. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत कोयता. तो कोयता लोहारानं मोटारीच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला. त्यानं ते बांबू फोडतात, फांद्या तोडतात, मासळी साफ करतात, नारळ सोलतात आणि सकाळचं दातवणही त्यानंच काढतात. "रोज बरोबर ठेवायचा" असं त्यांना कुणा चिरंजीवांनी सांगावं लागलं नव्हतं.

मी चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, बांबूची एक कामटी तासून पाहिली.

"लोहार कुठला, मास्तर?"

"स्वित्झर्लंडचा."

"खोपोलीच्या पुढं?"

"बराच पुढं."

त्यांनी एकेक पातं उघडलं. सगळी उघडल्यावर चाकू उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसायला लागला. म्हातारबा म्हणाले, "पाती लय हायेत. पन मूठ येकच. येका टायमाला येकच चालनार ना?"

मी गप्प. "पावसात गंजत नाही," मी वकिली केली. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे माणसालाही गंज चढतो.

"ह्ये मात्र बेस," त्यांनी मान्य केलं. "माजा रोज घासावा लागतो."

एवढ्यात त्यांची नात रडत आली. करवंदं काढताना जाळीचा काटा तळहातात मोडला होता. काट्यानं काटा काढायची रीत आहे, म्हणून म्हातारबांनी बाभळीचा काटा आणून कोरलं. पोर आणखी रडली. कोयता तर इथे बिचारा कामाचाच नाही. मला एकदम आठवलं. मुठीच्या कडेतून नखानं चिमटा ओढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि तळहात उजेडात धरून काटा अलगद बाहेर काढला. पोरीनं रडणं अर्ध्यावर टाकून चिमट्याकडे पाहिलं. म्हातारबांनी तो उन्हात धरून खालीवर निरखला आणि वर्षभरातली सगळ्यांत गंभीर टीका केली.

"मास्तर, ह्यो सुटा मिळतो काय?"

पोरीनं करवंदांचा एक द्रोण माझ्यापुढे ठेवला. मी दहा रुपयांचं नाणं काढलं. म्हातारबांनी हात आडवा केला. "काट्याचं घ्या." नाणं माझ्याच मुठीत राहिलं.

तेव्हा आता निकाल. हा चाकू उत्तम आहे, आणि माझ्या उपयोगाचा नाही. आंब्याला माझ्याकडे विळी आहे, आणि विळीवर ही आहे. यंत्र बिघडलं तर खोपोलीला मेहुणे आहेत, त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पक्कड आहे. कुंपणाला म्हातारबा आहेत. या चाकूची पंधराही कामं दुय्यम दर्जाची. प्रत्येकाहून चांगलं करणारं माणूस मला हाकेच्या अंतरावर आहे. ज्याला हाक मारायला कोणी नाही, त्यानं हा खिशात ठेवावा. त्याच्या खिशात तो चाकू नसतो, विळी, पक्कड, कोयता धरून अख्खं घर असतं, घडी घातलेलं.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. रविवार होता. फोन मीच लावला.

"बाबा, चाकू—"

"वापरला. काटा काढला एका पोरीच्या हातातला." वर्षातलं पहिलं खरं उत्तर. "बरं, तुझ्याकडे आहे का रे असा?"

"आहे ना. रोज असतो खिशात."

"कशाला लागतो?"

"कशाला म्हणजे... सगळ्यालाच."

मी थोडा वेळ बोललो नाही. मग म्हटलं, "तुझं एक नाणं द्यायचं राहिलंय. दहा रुपयांचं आहे. बाजूला काढून ठेवलंय."

"अहो, ती गंमत होती बाबा."

"असू दे. पोस्टानं पाठवलं तर चालतं का?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "नाही. हातातच द्यावं लागतं."

"मग ये न्यायला," मी म्हटलं. "आणि आईला चॉकलेट आणू नकोस."