वऱ्हाडांतील दुनळ्या आणि आमच्या याद्या

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांतून सनदा, महजर शोधतां शोधतां शस्त्रेंही दृष्टीस पडतात. नरनाळ्याच्या नऊगजी तोफेविषयीं आपण आवडीनें लिहितों. पण माजघरांतील दुनळीपुढें यादीकाराची लेखणी ‘दुनळी, विलायती, मोडकी’ एवढ्यावरच थांबते. ह्या ‘मोडकी’ शब्दावर आमचा आक्षेप आहे.

भरमार बंदुकीचा घोडा बाहेर असतो. चढला कीं उतरला, हें दिसतें. 1875 सालीं ॲन्सन व डीली यांनीं पेटंट घेतलेल्या रचनेंत घोडे पेटीच्या आंत गेले, आणि बिजागरीवर नळ्या झुकवितांच ते आपोआप चढूं लागले. आतां मालकानें कमानींस विसावा म्हणून चाप ओढून घोडे उतरविले व मग नळ्या सुट्या करून बंदूक पेटींत ठेविली, तर पुढें जोडतांना नळ्यांखालचें लाकूड जागीं बसत नाहीं. मग कोणी हातोडी घेतो, कोणी ‘मोडकी’ लिहितो! वस्तुतः बिघाड कांहींच नसतो. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून, पेटीच्या पुढच्या तोंडाशीं डोकावणाऱ्या दोन पोलादी जिभा लांकडाच्या ठोकळ्यानें खालीं दाबल्या कीं ‘खट्’ असा आवाज होऊन घोडे पुनः चढतात.

घोडे उतरवून ठेवावे कीं चढवून, हा वाद जुना आहे. उतरवावयाचेच तर नळींत खोटें काडतूस घालूनच चाप ओढावा. परंतु आमच्या मतें चांगल्या पोलादाच्या कमानीस ताणापेक्षां गंजाचें भय अधिक. आणि श्रावणांतील ओल धरून ठेवणारें चामडी म्यान हें त्या गंजाचें माहेरघर. (हीं म्यानें संग्राहकांस फार प्रिय असतात, हें आम्ही जाणतों.)

याहून मोठी उणीव अशी कीं, नळ्यांच्या खालच्या बाजूचे परीक्षाशिक्के कोणी उतरून घेत नाहीं. मोर्तब पाहिल्यावांचून आपण पत्र अस्सल म्हणत नाहीं. मग 1813 पासून चालत आलेल्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची मुद्रा मात्र दुर्लक्षावी काय? त्या मुद्रांच्या बदलत्या घडणीवरून नळीचा काळ अजमावतां येतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मेळघाटाकडील ह्या बंदुकींचें शिकारीचें काम संपलें. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवानाधारक वारल्यावर वारसास परवाना नसेल, तर हत्यार पोलीस ठाण्यांत वा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. तेव्हां घरांत उरते ती आमची यादी. आणि तींत ‘मोडकी’ खेरीज शब्द नसतो.