सायलेंट व्हॅलीची व्याख्याने : यश आणि मर्यादा

केरळातील पालक्काड जिल्ह्यात कुंतिप्पुळा नदीवर सैरंध्री येथे धरण बांधून १२० मेगावॉट वीज निर्माण करण्याच्या योजनेस नियोजन आयोगाने १९७३ मध्ये मान्यता दिली. या योजनेविरुद्ध पुढे गावोगावी व्याख्याने झाली. १९८३ मध्ये योजना सोडून देण्यात आली व १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. या यशामुळे त्या व्याख्यानांचा गौरव वारंवार होतो. तथापि गौरव म्हणजे चिकित्सा नव्हे.

या यशाचे श्रेय बहुधा काव्याला दिले जाते. सुगतकुमारी यांची वृक्षस्तुतिपर कविता सभांच्या प्रारंभी म्हटली जात असे, आणि तिचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ स्तुतीने वीजटंचाईने त्रासलेल्या मलबारातील श्रोत्याचे समाधान झाले नसते. १९६२ मध्ये स्थापन झालेली केरळ शास्त्रसाहित्य परिषद मातृभाषेतून विज्ञान सांगण्याचे व्रत घेतलेली संस्था होय. तिच्या पाच अभ्यासकांनी १९७९ मध्ये योजनेचे तांत्रिक, आर्थिक व सामाजिक परीक्षण प्रसिद्ध केले. ‘वन हवे की वीज’ हा प्रश्न मोडून त्यांनी ‘वीज कोणासाठी, आणि ती अन्य मार्गाने मिळेल काय’ असा प्रश्न मांडला. ‘विकास’ हा शब्द प्रतिपक्षाला बहाल न करता त्याच्याच अर्थाविषयी वाद घालणे, हे या प्रतिपादनाचे खरे सामर्थ्य होय.

त्याची मर्यादाही येथेच दिसते. हे अरण्य मानवी हस्तक्षेपापासून अलिप्त राहिले, हा त्याच्या रक्षणाचा एक प्रमुख आधार ठरला. बुडणाऱ्या क्षेत्रात वस्ती नसल्याने विस्थापनाचा प्रश्न उद्भवला नाही व हा आधार निभावला. परंतु लगतच्या अट्टप्पाडीत इरुळ, मुडुग व कुरुंब हे आदिवासी समाज राहतात. ‘अस्पर्शित’ हे विशेषण मूल्यवाचक झाले, की ज्या नदीकाठी मनुष्य राहतो तो प्रदेश रक्षणास कमी पात्र ठरतो, अथवा तो मनुष्यच उपरा ठरतो. एका खोऱ्यापुरता खरा असलेला युक्तिवाद सर्वत्र लागू केल्यास असा अनर्थ संभवतो.

हा दोष शब्दांच्या निवडीशी निगडित आहे. मलयाळम्‌मध्ये ‘काडु’ हा नित्य व्यवहारातील शब्द, तर ‘वनम्’ हा संस्कृतोद्भव शब्द सरकारी खात्याच्या नावातही रूढ आहे. मराठीत ‘रान’ आणि ‘वन’ यांचे नाते काहीसे असेच आहे. किंबहुना येथील भेद अधिक बोधक आहे. ‘रानात गुरे नेली’ यातील रान जंगल असू शकते, आणि ‘रानात पेरणी चालली आहे’ यातील रान म्हणजे शेत. ‘वन’ या शब्दास हा दुसरा अर्थ नाही. शेतकऱ्याच्या बोलीने जे एका शब्दात सामावले, ते खात्याच्या भाषेने कुंपण घालून वेगळे केले.

सह्याद्रीतील नद्यांच्या रक्षणाविषयी मराठीतून बोलणाऱ्याने सायलेंट व्हॅलीकडून हिशेबाची शिस्त अवश्य घ्यावी. मात्र ‘वन्य’, ‘निर्जन’, ‘अस्पर्शित’ ही विशेषणे योजण्यापूर्वी श्रोत्यांत त्या नदीकाठचा कोणी बसला आहे काय, हे त्याने पाहिले पाहिजे. आपल्याच गावाचे वर्णन ऐकताना ज्याला त्यात स्वतःस स्थान दिसत नाही, तो त्या नदीच्या रक्षणास उभा राहील, ही अपेक्षा व्यर्थ होय.