शोकाची आवड आणि अलीकडील तीन कृती

एखादी कृती ‘आवडली’ असे वाचक म्हणतो, तेव्हा त्या आवडीचे स्वरूप काय असते, हा प्रश्न मराठी समीक्षेने अलीकडे वाचकाच्या खासगी रुचीवर सोपवून दिलेला दिसतो. शोकात्म साहित्याच्या संदर्भात मात्र तो एके काळी हिरिरीने चर्चिला गेला होता. १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ती सुपरिचित आहे : वाचक आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, आणि या दुहेरी अवस्थेतून त्याला आनंद लाभतो. गेल्या दोन-अडीच दशकांत जाणत्या वाचकाने जिवापाड जपलेल्या काही कृतींकडे पाहिले, तर ही उपपत्ती तिथे अपुरी पडते. त्या वाचकाची समाधी लागूच देत नाहीत, आणि तरीही त्या आवडतात.

अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ (२००३) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सुमारे चारशे पानांचा हा संग्रह इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, नादेज्दा मांदेलस्ताम अशा दूरदूरच्या काळांतील व संस्कृतींतील स्त्रियांचे अश्रू एकत्र आणतो. एका स्त्रीच्या दुःखात वाचक स्थिरावू लागतो न लागतो तोच दुसरी समोर येते. तिचा देश, तिचा देव, तिचा मारेकरी वेगळा असतो. मिथक आणि इतिहास यांच्यात कोलटकर पंक्तिभेद करीत नाहीत. अलेक्झांड्रियात इ. स. ४१५मध्ये जमावाने ठार केलेली हायपेशिया आणि पुराणकथेतील इसिस यांचे अश्रू एकाच वहीत पडतात. संग्रह दुर्बोध असल्याची तक्रार होत आली आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. संदर्भ शोधत बसावे लागते. परंतु हे शोधणे हाच इथे वाचनाचा नैतिक भाग आहे. नादेज्दा कोण, हे ठाऊक नसताना तिच्यासाठी डोळे ओलावणे ही चैन ठरते. १९३८मध्ये छावणीत मृत्यू पावलेल्या पतीच्या कविता तिने मुखोद्गत करून जपल्या होत्या; तिचा शोक स्मरणाच्या कष्टातून वेगळा काढताच येत नाही. कोलटकर वाचकाकडून त्याच कष्टाचा एक लहानसा वाटा मागतात.

कविता महाजनांच्या ‘ब्र’ (२००५) या कादंबरीत हाच प्रश्न निवेदनाच्या पातळीवर येतो. पंचायतीतील आरक्षणामुळे सरपंच झालेल्या बायकांना भेटत हिंडणारी प्रफुल्ला ही स्वतःही पोळलेली आहे. अशा निवेदिकेला दुसऱ्यांची दुःखे आपल्या दुःखाच्या मापाने मोजण्याचा मोह सहज पडू शकतो. महाजन तो बऱ्याच अंशी टाळतात, कारण त्या बायकांना त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलू देतात. काही ठिकाणी कादंबरी अहवालासारखी वाटते, हा आक्षेप मान्य करावा लागेल. तथापि जिथे ती अधिक ‘कलात्मक’ होऊ पाहते तिथे ती अधिक दुबळी होते, हेही नोंदवले पाहिजे. ज्यांनी ‘ब्र’ काढू नये अशीच व्यवस्था होती, त्यांच्या बोलण्याला सफाईदार घाट देणे म्हणजे पुन्हा एकदा त्यांच्यावतीने बोलणे.

अनुभवाचे मालक कोण, या वादाने मराठी समीक्षेला पुरेसे थकवले आहे. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही २०२३च्या साहित्य अकादेमी पुरस्काराने सन्मानित झालेली कादंबरी त्या वादाला अनपेक्षित वळण देते. धरणामुळे उठवल्या गेलेल्या गावातील माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणण्यासाठी परततो. तोवर गाव रानाने गिळलेले असते आणि म्हैस माणसाळलेपण विसरून गेलेली असते. विस्थापिताच्या शोकाशी समरस होण्याची वाचकाची सगळी तयारी झालेली असताना हाच विस्थापित त्या जनावराच्या नव्या मुलखात घुसखोर ठरतो. ज्याला हुसकले गेले तो आता हातात दोर घेऊन उभा आहे. इथे म्हशीला प्रतीक मानून मोकळे होणे सोपे आहे, पण खोतांची भाषा तसे होऊ देत नाही. तिचा वास, तिची शिंगे, तिची बिथरलेली नजर यांचे वजन कोणत्याही अर्थात विरघळत नाही. दोर माणसाच्या हातात आहे आणि रान म्हशीचे आहे. वाचकाने कोणाच्या बाजूला उभे राहावे, हे त्या रिंगणात शिरल्यावरही ठरत नाही.