विलंबित लयीचा कस

वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हे पुस्तक मराठीत संगीतावर लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय आणि मधल्या रेषेवर एकेका घराण्याची जागा. स्वराच्या टोकाशी किराणा, लयीच्या टोकाशी आग्रा, अशी त्यांची मांडणी. मांडणी देखणी आहे, पण उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांना ऐकताना ती आम्हांला अपुरी पडते. इतके सावकाश गाणाऱ्याने लयीकडे पाठ फिरवली आहे, असा समज तिच्यातून बळावतो. आमचे म्हणणे नेमके उलट आहे.

लय म्हणजे नुसता वेग नव्हे. उर्दू शायरी शिकवणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या हे लवकर ध्यानात येते. ‘फऊलुन’ चार वेळा आले की मुतकारिब बहर होते. मराठीत तेच भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचे वृत्त. (आमच्या मुलांना हे सांगितले की ती चकित होतात, मराठीच्या तासाला आणि उर्दूच्या तासाला आपण एकाच चालीवर डोलत होतो!) मुले अशा ओळी धावत म्हणतात, जाणते लोक थांबत थांबत. वजन मात्र तेच राहते, कारण लघु-गुरूंचे आपसांतले नाते तसेच असते. ते नाते मोडले की शेर बेबहर होतो, मग तो कितीही सावकाश म्हणा.

गाण्यात हे नाते सांभाळणे अधिक कठीण. अमीर खाँसाहेबांचा आवडता ताल झुमरा, चौदा मात्रांचा. तीन-चार-तीन-चार असे त्याचे विभाग. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन छप्पन्न सेकंदांचे होते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले आणि मिरजेत दफन झाले. त्यांच्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. या हिशेबाने तीनच आवर्तने. तेव्हा त्या तबकड्या ऐकून त्या पिढीच्या मैफलीतील लयीविषयी ठाम बोलणारे समीक्षक आम्हांला फार धीट वाटतात.

अमीर खाँसाहेबांना एलपी मिळाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, ही त्यांची १९६० च्या सुमाराची तबकडी पुष्कळांनी ऐकली असेल. त्यातला मारवा लक्ष देऊन ऐकावा. मारवा हा षड्जाला हुलकावणी देणारा राग. मुक्काम रिषभावर आणि धैवतावर, घर मात्र दूर. आणि ठेका असा की समही दूर. म्हणजे ऐकणारा एकाच वेळी दोन गोष्टींची वाट पाहत असतो, षड्जाची आणि समेची. हा राग या लयीत का गायला, याचे उत्तर इथे मिळते. द्रुत लयीत सम पुन्हा पुन्हा येते आणि ही हुरहूर फार काळ टिकत नाही. तबलजी साधा ठेका धरून असतो. चौदाव्या मात्रेवरचे ‘तिरकिट’ वाजले की गायक कुठल्याशा स्वरवाक्याच्या मध्यात असतो, आणि तरीही तो घाई न करता मुखड्यात उतरतो. हे लयीचे भान नव्हे तर दुसरे काय?

एवढ्या लांब मात्रेत भरायचे काय, हा खरा प्रश्न. विलंबिताचे वळण त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांकडून उचलले. मेरुखंडाचा वारसा मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याशी वडिलांचा, शाहमीर खाँ यांचा, जो संबंध होता त्यातून आला. सात स्वरांचे क्रम बदलत गेले तर ५०४० प्रकार होतात. अर्थात ते पाठ म्हणून दाखवणे म्हणजे गाणे नव्हे. खाँसाहेब तीनचार स्वरांतच असे फिरतात की मात्रा रिकामी राहत नाही आणि दाटीही होत नाही. पुढे कित्येकांनी त्यांचा फक्त संथपणा घेतला. त्यांच्या गाण्यात दोन मात्रांमध्ये काहीच घडत नाही. तबला चालतो आणि गायक समेची वाट पाहत बसतो. याला गांभीर्य म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे.

आमची एक तक्रार मात्र खुद्द उस्तादांविषयी आहे. या लयीत बंदिशीचे बोल विरघळतात. आग्र्याचे फैयाज खाँ (मृत्यू १९५०) एकाच शब्दाला लयीत असे खेळवत की त्याचे चार अर्थ निघावेत. अमीर खाँसाहेबांच्या विलंबितात शब्दाचा स्वर होतो, अर्थ मागे राहतो. भाषेवर पोट असणाऱ्यांना हे खटकणारच. आणि हा गायक शब्दांविषयी बेपर्वा होता असेही नाही. ‘सुररंग’ या नावाने त्यांनी स्वतः बंदिशी रचल्या. तराण्याचे बोल निरर्थक नसून त्यांची मुळे फारसीत आहेत, असे ते मानत आणि तराण्यात फारसी काव्य गुंफत. झुमऱ्यात हरवलेले लफ्ज तिथे द्रुत तीनतालात पुन्हा स्वच्छ ऐकू येतात.